पानं नकोत

६ फेब्रुवारी, गुरुवार. केडगाव

आज पुण्याहून समर्थ नावाचे गृहस्थ स्टुडिओत आले. पस्तिशीचे, बोलायला मऊ. माझे नेहमीचे लग्नाचे आल्बम त्यांनी भराभर उलटले आणि मी हौसेने काढलेल्या पडक्या बारवांच्या फोटोंपाशी थांबले. "हे तुम्ही काढलेत? मग तुम्हीच हव्यात," म्हणाले.

अकोले तालुक्यात डोंगराच्या पोटात खडकदरे नावाचं गाव आहे. वरच्या रानात ऐनाची दीड-दीडशे वर्षांची झाडं आहेत. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या फांद्या तोडत आलेत, त्यामुळे त्यांचे आकार जगावेगळे झालेत. अशा एकशे ऐंशी झाडांचा एकेक फोटो हवाय. पुढे मोठं पुस्तक, पुण्यात प्रदर्शन. प्रत्येक फोटोखाली माझं नाव.

अटी मोजक्या. पानं नकोत. माणसं नकोत. ढगाळ हवा असेल तर उत्तम. आणि काम फेब्रुवारीतच, फांद्या तोडून झाल्या झाल्या.

मला अटी ऐकूनच माणूस आवडला. डोळा आहे त्यांना. नुसतं खोड, नुसता आकार.

आबा काउंटरमागून ऐकत होते. समर्थ सर गेल्यावर म्हणाले, "पानं नको म्हणनाऱ्याला झाडाचा फोटो कशाला पाहिजे गं?"

मी म्हटलं, "आबा, ही कला आहे." आबांनी चाळीस वर्षं पासपोर्ट फोटो काढले. त्यांना कुठे समजावत बसू? "बरं," म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. राजूर, लॉज

सकाळी एसटीने संगमनेर, तिथून अकोले, तिथून राजूर. राजूरहून जीपने खडकदरे. वर चढायला पाऊण तास.

ती झाडं पाहिली आणि काही वेळ कॅमेरा बाहेरच काढला नाही. खोड दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं. साल मगरीच्या पाठीसारखी फुटलेली. पुरुषभर उंचीपासून वर नुसत्या गाठी, जणू कुणी मुठी आवळून धरल्यात. जिथे जिथे कोयता लागला तिथे झाडाने सूज धरलीय, त्या सुजेवर पुन्हा कोयता, पुन्हा सूज. सबंध उतारावर अशी झाडं उभी. मला थोडी भीतीच वाटली.

समर्थ सरांची दोन माणसं पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन खोडांवर आकडे टाकत पुढे चालली होती. पुस्तकात क्रम लागायला सोपं जाईल.

१५ फेब्रुवारी, शनिवार. राजूर

आज एका झाडावर बाई होती. साठीच्या पुढची, काष्टा घातलेली, हातात कोयता. मी खालून ओरडले, "मावशी, जरा उतरता का? फोटोत माणूस नकोय."

"मंग थांब की तासभर. झाड कुठं चाललंय?"

तिचं नाव गोजरबाई. तोडलेल्या पानाफांद्यांना ती टाहाळ म्हणते. टाहाळ वाळवायचा, भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर पसरून उन्हाळ्यात जाळायचा, त्या राखेत रोप टाकायचं. याला राब म्हणतात. तिचं आख्खं वर्ष त्या राबावर उभं.

"एवढं तोडल्यावर झाड मरत नाही?" मी विचारलं.

"मरंल कशानं? शेंडी राखायची, बाकीचं घ्यायचं. ज्याचं झाड त्यानंच तोडायचं. ह्ये माज्या आजेसासऱ्याचं. त्याच्या आदी कोनाचं, ते मला ठाव न्हाई." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू कशापाई काढती फोटू?"

"पुस्तक होणारे, मावशी. तुमच्या झाडांचं."

"आमच्या?" ती हसली. "मंग आमचं न्हाव टाकशील का?"

टाकू म्हटलं. ती झाडाला टेकून उभी असतानाचा एक फोटोही काढला. तो सरांना पाठवायचा नाही, माझ्यासाठी.

२० फेब्रुवारी, गुरुवार. राजूर

काम संपलं. एकशे ऐंशी.

उतरताना गावातल्या वनसमितीचे अध्यक्ष कारभारी गभाले वाटेत उभे होते. पन्नाशीचे, शांत. मागे सात-आठ माणसं. "मॅडम, एक विचारायचं हुतं. आकडे कशाला टाकलेत? आमच्याकडं आकडा पडला की झाड जातं, असा अनुभव हाय."

मी हसले. पुस्तकाचं सांगितलं. प्रदर्शनाचं सांगितलं. तरी कुणी वाटेतून हटेना, म्हणून शेवटी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवा. मी सांगते ना, या झाडांना काही होणार नाही."

गभाल्यांनी मान डोलावली. "तुमी म्हंता तर व्हय." एका बाईने पिशवीत हिरडे दिले. खोकल्याला चांगले म्हणे.

४ मार्च, मंगळवार. केडगाव

समर्थ सरांचा फोन. फोटो बघून हरखलेत. एक्केचाळीस नंबरचा तर तीनदा म्हणाले, "एकदम मेलेलं वाटतंय, काय ताकद आहे!" फक्त सतरा फोटोंत अडचण. खोडावर मध्येच हिरवे फुटवे, पानांचे झुपके दिसतात. "तेवढं पुसून टाकता येईल? आकाराची शुद्धता जाते हो."

मला ते पटलं. दुपारभर बसून सतरा फोटो साफ केले. नवरीच्या कपाळावरचा फोड पुसायला जमतं, तर फुटवा काय? जिथे पुसलं तिथे साल इतकी बेमालूम जोडली की आता मलाही ओळखू येत नाही.

आबांनी स्क्रीनकडे पाहिलं. "आधीचे ठिवलेत ना?"

ठेवलेत म्हटलं. पण परवा भिंगारच्या लग्नाला कॅमेऱ्याची मेमरी कार्ड कमी पडली तेव्हा दोन रिकामी करून नेली होती. त्यांत यातलं काय होतं ते बघायला हवं.

२२ मार्च, शनिवार

पुस्तकाचं विचारलं. "छपाई सुरू आहे," असा एका ओळीचा मेसेज. बाकी लग्नं, लग्नं.

१६ एप्रिल, बुधवार



सकाळी गभाल्यांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. "मॅडम, तालुक्याला अहवाल लागलाय. डोंगरमाथ्यावर पर्यटननगरी व्हनार हाय. त्यात लिवलंय, वरचं जंगल मेलेलं हाय, नुसती खुंटं उरलीत, तोडायला हरकत न्हाई. संग एकशे ऐंशी फोटू. परत्येकाखाली तुमचं न्हाव. मेच्या सा तारखंला सुनावनी हाय."

 शेवटी म्हणाले, "गोजरबाई इचारतीय, पुस्तक ते ह्येच का." मग फोन ठेवला.

त्यांनी मोबाईलवर अहवालाची पानं पाठवलीत. फोटो सुंदर आलेत. हे लिहिताना लाज वाटते, पण पहिल्यांदा मनात हेच आलं. एक्केचाळीसखाली ओळ आहे: 'मृत खुंट. पुनरुज्जीवनाची शक्यता नाही.' आणि खाली, छायाचित्र: जयमाला भिंगारदिवे.

एक्केचाळीस म्हणजे गोजरबाईचं झाड.

१७ एप्रिल, गुरुवार

समर्थ सरांनी तिसऱ्या फोनला उचललं. आवाज तसाच मऊ. "दस्तावेजीकरणच आहे ना हे? तुम्ही फोटो काढलेत, आम्ही वापरले. तुम्ही सही केलेला करार वाचा."

"तुम्ही माझ्याकडून फुटवे पुसून घेतलेत."

"पुसले कुणी?" म्हणाले. "सुनावणीत उभं राहून सांगणार आहात का, मी फोटो बदलते म्हणून? नगरमध्ये मग कोण बोलावेल तुम्हाला? शांतपणे विचार करा. प्रदर्शन आपण खरंच करू शकतो."

कार्ड तपासली. सतरापैकी सहा मूळ फोटो सापडले. अकरा गेले. एक्केचाळीसही गेला, आणि त्याच कार्डावरचा गोजरबाईचा फोटोही.

२० एप्रिल, रविवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर दोन दिवस मी स्वतःला समजावत होते की मी फक्त फोटो काढले, अहवाल दुसऱ्याने लिहिला. आज जेवताना आबांना हेच ऐकवलं. त्यांनी घास तसाच धरून ठेवला.

"मी निगेटिव्हवर पेन्शिल फिरवून लोकांचे डाग काढायचो," म्हणाले. "पन त्यांना इचारून."

उद्या खडकदऱ्याला जाते.

२१ एप्रिल, सोमवार. खडकदरे

गभाल्यांच्या ओसरीवर गाव जमलं होतं. मी सगळं सांगितलं, सतरा फोटोंसकट. सांगता सांगता रडू आलं. कुणी पाणी दिलं नाही.

गभाले म्हणाले, "रडायला आलाय का काय करायला आलाय?"

"त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून पुन्हा फोटो काढते. आणि सुनावणीत सांगते."

मागून एकजण म्हणाला, "हिच्यावर परत इस्वास? आमी काय येडे हाय?" गोजरबाई खांबाला टेकून बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. एवढंच बोलली, "जाऊ द्या तिला रानात. मी जाते संग. ध्यान ठिवायला."

शाळेच्या खोलीत झोपायची सोय केलीय.

२३ एप्रिल, बुधवार. खडकदरे

झाडं ओळखू येत नाहीत! फेब्रुवारीतल्या त्या मुठी उघडल्यात. प्रत्येक गाठीतून कोवळी, तांबूस-पोपटी पानं बाहेर पडलीत. काल दिवसभर काढत होते. गोजरबाई माझ्यामागे दहा पावलांवर, अवाक्षर नाही.

आज पहाटे वर गेलो तर खोडांवरचे आकडे खरवडलेले. एकूणएक. सालीसकट. खाली वाटेवर ती रंगवाली दोन माणसं जीपला टेकून उभी. एकजण मोबाईलवर माझं शूटिंग करत होता.

"मॅडम, परत कशाला आलात? सरांना विचारलंय का?"

 आकड्यांशिवाय कुठलं झाड कुठलं हे सिद्ध कसं करणार? मी तिथेच दगडावर बसले.

गोजरबाईने दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "उठ. आकड्यानं कोन वळखतं झाडाला? तुजा जुना फोटू दाव." मी टॅबवर एकेक दाखवत गेले. ती क्षणभर बघायची आणि चालू लागायची. "ह्ये भीमाचं, वाकडं. ह्ये मनकर्णाच्या माहेरचं. ह्याला माकडानं मोडल्यालं." एकदाही चुकली नाही. मी प्रत्येक गाठ जुन्या फोटोशी ताडून बघत होते.

ती माणसं दिवसभर आमच्या मागे होती. उतरताना जीप अगदी जवळून नेली, माझ्या कोपराला आरसा घासला. गोजरबाईने कोयता या हातातून त्या हातात घेतला, बस. जीप पुढे गेली.

गाव अजून माझ्याशी बोलत नाही. साहजिक आहे.

६ मे, मंगळवार. अकोले

सुनावणी झाली. जसं घडलं तसं लिहिते.

सभागृह भरलेलं. समोर पडद्यावर माझे फोटो, एकामागून एक, माणसाएवढे मोठे. इतके मोठे मी ते कधीच पाहिले नव्हते. पुढच्या रांगेत समर्थ. आत येताना मला हलकेच म्हणाले, "सप्टेंबरची तारीख मिळतेय, चांगलं दालन आहे." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

गभाले बोलले. त्यांना विचारण्यात आलं, "जंगल जिवंत आहे याला पुरावा काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा उठायला हवं होतं. मी बसून राहिले. डोक्यात आल्बम, गिऱ्हाइकं, स्टुडिओवरची आबांची पाटी. पडद्यावर एक्केचाळीस आला. कुणीतरी 'मृत खुंट' असं वाचून दाखवलं आणि पुढच्या रांगेत कुणी हसलं.

मग मी उठले. म्हटलं, "हा फोटो खोटा आहे. मी काढलाय, मीच बदललाय. असे सतरा आहेत."

सुनावणी घेणाऱ्या बाई वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही फोटो बदलू शकता."

"हो."

"मग आज आणलेले खरे कशावरून?"

सहा मूळ फोटो मी दाखवले. बाकी अकरांचं काय, त्यांनी विचारलं. नाहीत म्हटलं. समर्थ उठून शांतपणे म्हणाले, "मॅडम, नंतर आलेली पालवी कशी मोजायची? तोडलेल्या खुंटालाही एप्रिलमध्ये चार पानं फुटतात, त्याने झाड जगत नाही. आणि या बाईंचा शब्द... तुम्हीच ऐकलंत."

मला वाटलं, मी उठून उलट नुकसानच केलं. सभागृहात कुजबुज. तेवढ्यात मागून गोजरबाईचा आवाज, माईकबिईक काही नाही. "सायेब, फोटू ऱ्हाऊ द्या. तुमाला पाय हायेत का?"

लोक हसले. अधिकारी बाई हसल्या नाहीत. समोरची फाईल मिटली. "उद्या सकाळी आठला. दोन्ही बाजू वर या."

७ मे, बुधवार. खडकदरे

अधिकारी बाई, त्यांचे दोन कर्मचारी, समर्थ, आणि झाडून सगळं गाव. 

एक्केचाळीसपाशी थांबलो. समर्थ म्हणाले, "बघा, ही सगळी दोन महिन्यांतली पालवी." गोजरबाई झाडावर चढली. अडुसष्ट वर्षांची बाई, पाय गाठींवर असे पडत होते जसे घरच्या पायरीवर. वरून एक फुटवा बुडाशी छाटला आणि खाली अधिकारी बाईंच्या पायाशी टाकला.

"अंगठ्याएवढं हाय का न्हाई? दोन म्हयन्यात एवढं लाकूड हुतं का, सांगा. ह्यो दोन सालाचा हाय. राखल्याला." मग कोयत्याच्या टोकाने ती गाठीवरचे वळ दाखवू लागली. "ही आवंदाची तोड. ही गेल्या सालची. ही त्याच्या मागची. ह्ये माज्या सासूच्या हातचं, ती डावरी हुती, तिची तोड उलटी पडायची."

कर्मचाऱ्याने फुटव्याचा काप घेतला. आत वर्षाच्या वाढीचं वलय स्पष्ट दिसत होतं. असे काप मूळ फोटो गेलेल्या अकराच्या अकरा झाडांवरून घेतले. अधिकारी बाई स्वतः वाकून प्रत्येकाची नोंद करत होत्या. नवव्या झाडापाशी समर्थ फोनवर बोलत खाली उतरून गेले. जाताना माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. दुकानात नको असलेली वस्तू परत ठेवून द्यावी तसं.

निघताना अधिकारी बाई मला म्हणाल्या, "तुमच्यावर काय कारवाई करायची ते वेगळं ठरेल. लेखी जबाब द्या, सगळं लिहून."

दिला. चार पानं झाली.

१४ मे, बुधवार. केडगाव

अहवाल बाद झाला. पावसाळ्यानंतर नव्याने पाहणी, आणि ती गावाला सोबत घेऊन. प्रकल्प रद्द झालेला नाही, फक्त थांबलाय. गभाले म्हणाले, "थांबला तरी लई झालं. आमाला थांबायची सवय हाय."

माझ्यावर चौकशी आहेच. स्थानिक पेपरात नावानिशी आलं. मे महिन्यातल्या तीन लग्नांनी दुसरा फोटोग्राफर धरला. एकाने फोनवर विचारलं, "आमची मुलगी खरी दिसंल ना फोटोत?" आणि खदाखदा हसला. मीही हसले.  आबांनी चहा आणून ठेवला.

गभाल्यांचा निरोप आहे. पुढच्या पाहणीसाठी कुठलं झाड कुठल्या घराचं, याचा नकाशा करायचाय. त्यांना फोटो हवेत. मला विचारलंय, बहुतेक दुसरं कुणी मिळालं नसावं.

१८ मे, रविवार. खडकदरे

नकाशाचं काम आज झालंच नाही. सकाळी पोचले तर गोजरबाई खाचराच्या कडेला उभी. आज तिचा राब होता. कॅमेरा काढत होते, तर म्हणाली, "ते ठिव तिकडं. भारा उचल."

वाळलेला टाहाळ डोक्यावर घेऊन सात-आठ खेपा केल्या. मान अवघडली, हात ओरबाडले. पसरायला लागले तर ओरडली, "असं पसरत्यात का? दाट कर. वाऱ्याकडची बाजू आदी." दुसऱ्या बायकांना ती असं बोलत नव्हती, मलाच. जिच्या माहेरचं झाड मी काढलं होतं ती मनकर्णा पलीकडून हसत होती. "आता तुजी सुटका न्हाई, बाई," म्हणाली. अकरा वाजता वाऱ्याचा अंदाज घेऊन गोजरबाईने आग लावली आणि मला झाडाची ओली फांदी देऊन बांधावर उभं केलं, ठिणगी पलीकडे गेली तर झोडपायला. धुराने डोळे चुरचुरत होते. जागा सोडायची हिंमत झाली नाही. सगळं काळं झाल्यावर तिने राखेत हात घालून पाहिला आणि "झ्याक" म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

तिचा राग अजून गेलेला नाही, हे दिवसभर कळत होतं. जायचाही कशाला इतक्यात?

दुपारी तिच्या घरी जेवलो. नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, कांदा. बाकीच्या बायकांना ताटं वाढली. मला वाढलं नाही. मी दाराशी उभी होते, तर म्हणाली, "तिथं काय उभी? बस हितं," आणि स्वतःच्याच ताटाशी ओढून बसवलं. तिच्याच भाकरीतली अर्धी मोडून दिली. दोघी एकाच ताटात जेवलो.

चुलीमागच्या फळीवर दोन चांगली ताटं पालथी घातलेली होती. ती पाहुण्यांसाठी राखलेली असणार.